जरा डावीकडे

सेकंडीच्या बंदररस्त्यावर
देवाचं नाव मी किती वेळा रंगवलं, मोजलेलं नाही.
'देवाची इच्छा – पंक्चर काढून मिळेल.'
'कृपा केशकर्तनालय.'
'तो सारं जाणतो – बॅटरी चार्जिंग.'
अक्षरामागे दर ठरलेला,
देवाच्या नावाला सूट नाही.
आमच्या पाळकांनी मागितली होती एकदा.
त्यांनाही दिली नाही.

चाळीस होड्यांवर माझ्या हातची 'क्षमा' आहे,
लाल अक्षर, पांढरी कड.
खारं पाणी ती दोन वर्षांत खाऊन टाकतं,
मग तांडेल परत येतो,
मी परत लिहितो.

माझा भाऊ क्वामेना तीन घरं सोडून राहतो.
तीन वर्षं आमची बोलाचाल नव्हती.
कारण विचाराल तर शिडी.
बापाची, ओडुमच्या लाकडाची, चौदा पायऱ्यांची.
बाप गेला त्याच आठवड्यात तो ती घेऊन गेला.
मी म्हटलं, ने.
तेवढंच म्हटलं,
पण कसं म्हटलं ते आम्हा दोघांनाच माहीत.

मंगळवारी आमच्याकडे समुद्राला सुट्टी.
जाळी उन्हात पडून असतात, माणसं सावलीत.
अशाच एका मंगळवारी एकुआ मान्सा आली.
दुकानाला पाटी हवी म्हणाली.
मी सवयीनं विचारलं,
वर काय घालू? कृपा की इच्छा?

ती म्हणाली, काही नको.
नवरा होडीसकट गेला तेव्हा
साठ माणसं दारात येऊन म्हणाली, देवाची इच्छा.
साठांनाही मी पाणी दिलं.
आता ते शब्द दारावर नकोत.
लिही: केंकी. गरम. सकाळी सहापासून.

बाई, लोक काय म्हणतील, मी म्हटलं,
आणि देवाला...
तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.
म्हणाली,
मी किती वाजता उठते ते त्याला ठाऊक आहे.

पाटी झाली. वाळली.
तिच्या दुकानाचं छप्पर उंच,
स्टुलावर चढून हात पुरेना,
स्टुलावर पेटी ठेवली तर पेटी डुगडुगते.

रात्री गुडघे टेकले.
प्रभू, तुझी इच्छा काय ते कळव,
हे मी रोजच म्हणतो, रंगाचा डबा मिटावा तसं,
पण त्या रात्री म्हणून झाल्यावर थांबलो.
वाणी नाही, दृष्टांत नाही.
एक कुत्रं भुंकलं, गप्प झालं.
डोक्यात नुसती शिडी.
कूस बदलली, पुन्हा शिडी.
म्हटलं, हे तुझं नसणार, हे माझंच डोकं.
अजूनही खात्रीनं सांगता यायचं नाही.

पहाटे क्वामेना दारात दात घासत उभा होता.
शिडी हवी, मी म्हटलं.
तो आत गेला.
बराच वेळ गेला.
मग शिडीचं एक टोक बाहेर आलं,
आणि दुसरं टोक त्याच्या खांद्यावर होतं.

असे चाललो आम्ही उतारावरून,
पुढे मी, मागे तो,
मधे चौदा पायऱ्या, एकही शब्द नाही.
केळीच्या पानांतून आंबवलेल्या मक्याची वाफ येत होती,
शाळेची पोरं रांगेत,
एकुआ चिमटा घेऊन मोजून देत होती,
एका पोराकडे पैसे नव्हते, त्यालाही मोजूनच.

चढताना अकरावी पायरी पायाला वेगळी लागली.
नवी होती, फिक्या लाकडाची,
नीट खाच पाडून बसवलेली.
बापाच्या वेळी ती मोडकी होती,
आम्ही सगळे तिला ओलांडून चढायचो.
मी खाली पाहिलं नाही.
तो शिडीचा पाय धरून उभा होता, हे शिडीलाच कळत होतं.

खिळे ठोकले.
खालून आवाज आला,
जरा डावीकडे.

मी सरकवली पाटी.
ती आधीच सरळ होती,
हे तुम्हाला सांगतो.
त्याला सांगितलेलं नाही.